लेथचा बेड घरी की बाहेर? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

स्वतःच्या नावाचा लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापणारे यंत्र) बाजारात आणणाऱ्या लहान कारखानदारांनी कोणते भाग आपल्या शॉपमध्ये करावेत आणि कोणते जॉबवर्कने बाहेरून करून घ्यावेत, याविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली असून पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे गाळली आहेत. उत्तरे लिहिणाऱ्याची बावीस वर्षे लेथच्या जुळणी विभागात गेली आहेत. त्यामुळे त्याचा कल फिटरच्या बाजूने असणार, एवढे वाचकांनी धरून चालावे.

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे दोन पिढ्यांचे वर्कशॉप आहे. आजवर जुने लेथ घ्यायचे, बेड (लेथचा लांब पाया, ज्यावर बाकीचे भाग बसतात आणि सरकतात) स्क्रॅप करायचा, म्हणजे हाताने खरवडून सपाट करायचा, बेअरिंगे बदलायची आणि लेथ विकायचा, हा आमचा धंदा. आता सहा फुटी ऑल गिअर्ड (वेग गिअरने बदलणारा) लेथ स्वतःच्या नावाने काढायचा विचार आहे. महिन्याला पाच नग निघाले तरी आम्हांला पुरे. आमच्याकडे दोन लेथ, एक शेपर, एक जुना प्लेनर (लांब पृष्ठभाग सपाट तासणारे मशीन), एक रेडियल ड्रिल आणि एक मिलिंग मशीन आहे. काही जण सांगतात की सगळे भाग बाहेरून करून घ्या आणि फक्त जुळणी करा. काही सांगतात की बेड आणि हेडस्टॉक स्वतः केले नाहीत तर तो लेथ तुमचा कसा म्हणायचा? आम्ही काय करावे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ज्या भागांबद्दल वाद घालण्याचे कारणच नाही, ते आधी बाजूला काढू. बेअरिंग, चक, मोटर, व्ही-बेल्ट, कूलंट पंप, ऑइल सील आणि स्विचगिअर हे कोणताही लेथवाला स्वतः करत नाही. ओतकामाचेही तेच. तुमच्या उद्यमनगरापासून शिरोली आणि गोकुळ शिरगावपर्यंत फाउंड्र्यांची रांग असताना पाच लेथच्या बिडासाठी (ओतीव लोखंडासाठी) स्वतःची भट्टी पेटवणे हा हौसेचा भाग झाला. पॅटर्न (साचा काढण्याचा नमुना) मात्र तुमच्या पैशाने, तुमच्या नकाशावरून आणि तुमच्या मालकीचा असावा, आणि त्यावर तुमचे नाव रंगवलेले असावे. फाउंड्री बदलण्याची वेळ आली की पॅटर्न कोणाचा यावरून भांडणे होतात आणि तोवर ओतीव येणे बंद पडते.

मग उरतात बेड, हेडस्टॉकची पेटी (डावीकडची गिअरपेटी), स्पिंडल (तीत फिरणारा मुख्य दांडा), गिअर, लीड स्क्रू (आटे कापताना हत्यार सरकवणारा लांब स्क्रू), सॅडल (बेडवर सरकणारा, हत्यार वाहणारा भाग), क्रॉस स्लाइड (सॅडलवर आडवा सरकणारा भाग), एप्रन (सॅडलच्या पुढची पेटी) आणि टेलस्टॉक (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग). येथे बहुतेक जण प्रथम दर तासाच्या खर्चाचे गणित मांडतात आणि ते मांडलेही पाहिजे. समजा, एका सहा फुटी बेडला स्लाइडवे ग्राइंडरवर (बेडच्या पट्ट्या दगडाने घासून अचूक करणाऱ्या मशीनवर) पाच तास लागतात. महिन्याला पाच बेड म्हणजे पंचवीस तास. एका पाळीत महिन्याचे साधारण दोनशे तास धरले तर ते अवाढव्य मशीन आठ भागांपैकी सात भाग वेळ ताडपत्रीखाली उभे राहील आणि त्याच्या कर्जाचे व्याज मात्र ताडपत्रीखाली राहणार नाही. म्हणून ग्राइंडर असणाऱ्याकडे बेड पाठवणे हाच शहाणपणा. स्पिंडलचे हीट ट्रीटमेंट आणि सिलिंड्रिकल ग्राइंडिंग, गिअर हॉबिंग (दात कापणे), लीड स्क्रूचे थ्रेडिंग (आटे कापणे) यांनाही हाच हिशेब लागू होतो. १९४१ साली हरिहरला उभ्या राहिलेल्या म्हैसूर किर्लोस्करला किंवा १९५३ साली बेंगळुरूला सुरू झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सला ही सोय नव्हती. त्या काळात भरवशाचा पुरवठादार शोधण्यापेक्षा आपल्या आवारात विभाग काढणे सोपे होते. आज राजकोटला किंवा पंजाबातल्या बटाल्याला लेथ करणारी शेकडो छोटी शॉप या गल्लीतून त्या गल्लीत माल फिरवतच लेथ उभा करतात.

परंतु केवळ तासाच्या दरावर निर्णय घेतला तर फसगत होते, कारण त्या हिशेबात फिटरचा वेळ कोठेच दिसत नाही. आमच्या शॉपमध्ये एकदा आठ सॅडल्सच्या खालच्या व्ही-खाचा बाहेरून फिनिश करून आणल्या. दर उत्तम, माल वेळेवर, प्रत्येक माप नकाशाप्रमाणे. बेडवर टेकलेल्या जागी उमटणारा निळा रंग लावून पहिले सॅडल मागेपुढे सरकवले आणि उलटे करून पाहिले, तर निळ्याचे ठिपके फक्त एका कडेला लागलेले. खाचेचा कोन बारीकसा उघडा होता. टेम्प्लेटला तो कळत नव्हता, बेडला कळत होता. एका सॅडलला स्क्रॅपिंगचे सहा तास धरले होते, तेथे दोन-दोन दिवस गेले. जॉबवर्कमध्ये वाचलेले पैसे आमच्या सर्वांत कुशल माणसाच्या मनगटातून वसूल झाले, आणि ते कोणत्याही चलनावर लिहिलेले नव्हते. तो जॉबवर्कर वाईट होता असे नाही. आम्ही त्याला खाचेचे माप दिले होते. बेड दिला नव्हता.

यावरून मी एक साधी कसोटी धरली आहे. ज्या पृष्ठभागावरून बाकीचे भाग मोजले जातात, त्याचा शेवटचा हात आपला असावा; जो भाग स्वतःपुरता मोजून चालतो, तो निर्धास्तपणे बाहेर द्यावा. गिअर स्वतःपुरता मोजता येतो. लीड स्क्रू, हॅंडव्हील, लिव्हर, गज, बुश हेही तसेच. बेडच्या पट्ट्यांवरून मात्र सॅडल चालते, हेडस्टॉक बसतो, टेलस्टॉकची उंची ठरते. तेव्हा बेड ग्राइंडिंगला बाहेर जाऊ द्या, पण परत आल्यावर त्याची तपासणी तुमच्या ग्रॅनाइटच्या तपासणी-पाट्यावर, तुमच्या मास्टर लेव्हलने (अचूक पाणसळीने), तुमच्या माणसाने करावी. आणि सॅडलचे स्क्रॅपिंग, हेडस्टॉक बसवणे व टेलस्टॉकची उंची जमवणे ही तीन कामे कधीही बाहेर देऊ नयेत. जुने लेथ सुधारण्यात तुमच्या दोन पिढ्या गेल्या आहेत, म्हणजे हीच तीन कामे तुम्हांला उत्तम येतात. नवख्या माणसाला हे भांडवल विकत मिळत नाही.

तुमच्या मशीनांपैकी प्लेनर सर्वांत कामाचा आहे. त्यावर बेडचे रफिंग, म्हणजे पहिली जाड तासणी, घरीच करा (का, ते पुढच्या उत्तरात येईल). स्पिंडल रफ टर्न करून हीट ट्रीटमेंटला पाठवा, बाहेरचे व्यास बाहेरूनच ग्राइंड करून घ्या. मात्र आतल्या मोर्स टेपरला (निमुळत्या भोकाला) थोडी जादा धातू ठेवून, स्पिंडल आपल्या बेअरिंगांत बसल्यानंतर टूलपोस्ट ग्राइंडरने तो टेपर शेवटचा साफ करा. स्पिंडल ज्या बेअरिंगांत फिरणार, त्याच बेअरिंगांत फिरवून टेपर साफ केला की डायल (बारीक फरक दाखवणारे काट्याचे मापक) लावताना धाकधूक होत नाही.

लहान भागांविषयी माझे मत पुष्कळांना पटत नाही. मशीन रिकामे आहे म्हणून लिव्हर, नॉब, पिना आणि ब्रॅकेट घरीच करावेत असे वाटते. मी ते पन्नास-पन्नासच्या लॉटने बाहेर देईन. पाच लेथच्या हिशेबाने पाच-पाच पिना घरी करणाऱ्या शॉपमध्ये जुळणी नेहमी अशाच एखाद्या पिनेवाचून अडते. हजार किलोच्या आसपासचा लेथ रंगवून तयार आणि फीड लिव्हरची पिन नाही म्हणून टेम्पो दारात उभा, हे दृश्य मी पुरेशा वेळा पाहिले आहे.

प्रश्न : आमच्या लेथचा बेड आम्ही बाहेरून इंडक्शन हार्डनिंग आणि ग्राइंडिंग करून घेतो. येतो तेव्हा लेव्हलवर अगदी बरोबर असतो. दोन-तीन महिन्यांनी ग्राहकाकडून तक्रार येते की लांब जॉबला टेपर पडतो, म्हणजे तो एका टोकाला निमुळता होतो. तपासले तर बेड सरळ राहिलेला नसतो. ग्राइंडिंगवाला म्हणतो बीड कच्चे आहे. फाउंड्रीवाला म्हणतो ग्राइंडिंग चुकले. — एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : तिसरी शक्यता प्रथम तपासा, म्हणजे दोघांवरही अन्याय होणार नाही. ग्राहकाकडे लेथ कशावर उभा आहे? फरशीवर नुसता ठेवलेला लेथ दोन-तीन महिन्यांत एका पायावर बसतो आणि बेडला पीळ पडतो. अचूक लेव्हल बेडवर आडवी ठेवून हेडस्टॉकजवळ आणि टेलस्टॉकजवळ वाचावी. दोन वाचनांत फरक असेल आणि पायाचे स्क्रू फिरवून तो जात असेल, तर बेड निर्दोष आहे. ग्राहकाला लेव्हलिंग शिकवण्याची गरज आहे.

स्क्रू फिरवूनही फरक जात नसेल, तर दोष बहुधा ना फाउंड्रीचा ना ग्राइंडिंगवाल्याचा. कामांच्या क्रमाचा असतो, आणि क्रम ठरवणारे तुम्ही आहात. बिडाचे ओतीव साच्यात निवताना पातळ भिंती आधी गार होतात आणि जाड पट्ट्या नंतर. या ओढाताणीचा ताण आत अडकून राहतो. वरचे कातडे प्लेनरवर काढले की ताणाचा तोल बिघडतो आणि बेड हळूहळू नव्या तोलाकडे सरकतो. जुन्या काळी रफ केलेले बेड कारखान्याच्या मागे पावसापाण्यात महिनोन्‌महिने टाकून ठेवत, ते याचसाठी. आता ते काम भट्टीत होते. बेड सुमारे ५५० अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश तापवायचा, जाडीच्या प्रत्येक पंचवीस मिलिमीटरमागे साधारण एक तास तेथे ठेवायचा, आणि भट्टीतच मंदगतीने गार होऊ द्यायचा. घाईने भट्टीचे दार उघडले तर आधी काढलेला ताण पुन्हा भरला म्हणून समजावे.

यात महत्त्वाची बाब अशी की हे रफिंगच्या नंतर व्हायला हवे, आधी नव्हे. अनेक फाउंड्र्या ओतीव स्ट्रेस रिलीव्ह करून (ताण काढून) देतात आणि तसे प्रमाणपत्रही देतात; ते खोटे नसते. परंतु त्यानंतर तुम्ही वरून चार मिलिमीटर धातू काढला की गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणूनच मागील पत्रलेखकांना रफिंग घरच्या प्लेनरवर करा असे सुचवले: रफ करणारा, भट्टीवाला आणि ग्राइंडिंगवाला यांच्या मधले दोन फेरे तुमच्या आवारातून जातात आणि कोणत्या फेऱ्यानंतर बेड किती हलला याची नोंद तुमच्या वहीत राहते.

हार्डनिंगनेही बेड वाकतो. पट्टीच्या वरच्या थराला तापवून झटकन गार केल्यावर तो वाकणारच. कडक थर काही मिलिमीटरचाच असतो. वाक मोठा असेल तर तो काढताना ग्राइंडरचा दगड मधल्या भागातला किंवा टोकांचा कडक थर खाऊन टाकतो आणि तेवढ्या जागी बेड मऊ राहतो. बेड परत आल्यावर केवळ सरळपणा न पाहता, पट्टीची कडकता तीन-चार ठिकाणी पोर्टेबल टेस्टरने मोजून घ्यावी.

ग्राइंडिंगवाल्याकडे एकदा स्वतः जाऊन उभे राहा. बेडचा तळ टेबलावर नीट टेकत नसेल आणि क्लॅंपने तो खाली दाबून धरला असेल, तर दगड त्या वाकलेल्या बेडला सरळ करतो. क्लॅंप सुटला की बेड आपल्या मूळ आकाराला जातो. शेवटच्या पासनंतर पट्टीवर डायल लावून क्लॅंप एकेक करून ढिले करायला सांगा. काटा हलला तर कारण सापडले. मग तळाचे तीन टेकू आधी घरी प्लेन करून पाठवा, म्हणजे ग्राइंडरवर बेड तेवढ्यावरच बसेल. ही मागणी केली म्हणून एखाद्या ग्राइंडिंगवाल्याने नाक मुरडले, तर दुसरा शोधावा.

प्रश्न : हेडस्टॉकची पेटी आम्ही सातारा एमआयडीसीतील एका शॉपमध्ये बोअर करून (दांड्यांची गोल भोके अचूक कापून) घेतो. प्रत्येक पेटीबरोबर तपासणी अहवाल येतो आणि सर्व बोअर मापात असतात. गिअरही चांगल्या पुरवठादाराचे आहेत. तरी काही लेथ वरच्या स्पीडला आवाज करतात, काही करत नाहीत. — एक वाचक, सातारा

उत्तर : अहवालात काय मोजले आहे ते पुन्हा वाचा. माझी खात्री आहे की त्यात बोअरचे व्यास आहेत आणि बोअरच्या जागा नाहीत. प्लग गेज (व्यास तपासण्याचा दंडगोल) आत गेला, बोअर पास. पण गिअरच्या आवाजाचा संबंध दोन बोअरमधील अंतराशी आणि ते एकमेकांना समांतर आहेत की नाहीत याच्याशी असतो. अंतर थोडे कमी पडले तर दात एकमेकांच्या तळाला घासतात. समांतर नसतील तर दाताची एकच कड भार उचलते आणि लेथ कण्हू लागतो.

हे तपासायला कोऑर्डिनेट मेझरिंग मशीनच हवे असे नाही. दोन शेजारच्या बोअरमध्ये घट्ट बसणारे दोन ग्राइंड केलेले मँड्रेल (अचूक दांडे) घाला, बाहेर आलेल्या भागांवर पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूला मायक्रोमीटर लावा. दोन्ही मापांतून त्रिज्या वजा केल्या की अंतरही कळते आणि समांतरपणाही. दहा मिनिटांचे काम आहे. आवाज करणाऱ्या पेट्या आणि न करणाऱ्या पेट्या अशा दोन ढिगांना ही चाचणी लावा.

त्यानंतर जॉबवर्करला विचारा की पेटी कशावर धरून बोअर केली. उत्तर बेडवर बसणाऱ्या तळावर, आणि सर्व बोअर एकाच सेटिंगमध्ये, असे आले पाहिजे. तळ आधी फिनिश असावा आणि सगळी मापे तेथूनच निघावीत. पेटी वरच्या कडेवर उलटी धरली, किंवा निम्मे बोअर करून ती फिरवून पुन्हा पकडली, तर स्पिंडलचा अक्ष आणि तळ यांचे नाते सुटते. मग तुमचा फिटर पेटीचा तळ खरवडत बसतो आणि स्पिंडल जमवता जमवता गिअरची जमणूक बिघडवतो. पेटीच्या भिंती पातळ असतात, त्यामुळे क्लॅंप आवळून धरून केलेला गोल बोअर क्लॅंप काढल्यावर अंड्याच्या आकाराचा होतो, हेही लक्षात असू द्या.

स्पिंडलची दिशा जमवताना चूक शून्य करण्याचा हट्ट धरू नका, पण चूक कोणत्या बाजूला चालते ते पक्के ठरवा. आयएसओ १७०८ या लेथ तपासणीच्या प्रमाणात, स्पिंडलमध्ये बसवलेल्या चाचणी मँड्रेलचे मोकळे टोक वरच्या दिशेला आणि टूलच्या दिशेलाच झुकलेले चालते, उलट नाही. जड चक आणि जॉबचे वजन त्याला खाली ओढणार आणि कापण्याचा जोर मागे ढकलणार, म्हणून आधीच थोडी उलट बाजू ठेवलेली असते. टेलस्टॉकचे तसेच: तो झिजून खालीच जाणार, म्हणून नवा असताना किंचित उंच असावा. तुमच्या नकाशावर नुसते अधिक-उणे लिहिले असेल तर जॉबवर्कर त्यातल्या चुकीच्या बाजूलाही जाण्यास मोकळा आहे, आणि तो चूक करतो असे तुम्हांला म्हणता येणार नाही.

प्रश्न : लेथचे निम्म्याहून अधिक भाग बाहेरचे असताना नेमप्लेटवर आपले नाव लावणे हे ग्राहकाची फसवणूक नव्हे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. बाहेरचा भाग बिघडला की 'तो आमचा नाही' असे जो म्हणतो, त्याने मात्र नेमप्लेट लावू नये.

प्रश्न : जॉबवर्करांना पैसे देण्यास आम्हांला नेहमी दोन-तीन महिने लागतात, कारण आमचेच पैसे ग्राहकाकडे अडकलेले असतात. आता करसल्लागार म्हणतात की उशीर केला तर कर भरावा लागेल. शिवाय काही भाग वर्षभर जॉबवर्करकडेच पडून आहेत. याचे काय? — एक वाचक, चाकण

उत्तर : दोन वेगळे नियम आहेत, त्यांची सरमिसळ करू नये.

पहिला पैशांचा. सूक्ष्म आणि लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या पुरवठादाराला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावेत, असे २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने, तेही दर महिन्याला चक्रवाढ, व्याज द्यावे लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून त्याला आयकराची जोड आली: मुदतीत न दिलेली रक्कम तुम्ही ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्च म्हणून वजा होते. मार्चअखेर मुदत उलटून थकलेली बिले म्हणजे हातात न आलेल्या नफ्यावर कर. उपाय म्हणाल तर प्रत्येक जॉबवर्करशी एका पानाचा का होईना लेखी करार करा, म्हणजे १५ ऐवजी ४५ दिवस मिळतात, आणि त्याचा उद्यम नोंदणी क्रमांक फाइलला लावा.

दुसरा मालाचा. जीएसटी कायद्यानुसार जॉबवर्कसाठी चलनावर पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तेथूनच विकला जावा लागतो. तसे झाले नाही तर तो ज्या दिवशी पाठवला त्या दिवशीच विकला असे धरून कर आणि व्याज लागते. जिग, फिक्श्चर, साचे आणि हत्यारे यांना ही मुदत नाही. तुमचे वर्षभर पडून असलेले भाग कोणत्या चलनाने गेले ते आजच शोधा. मुदतवाढीसाठी आयुक्तांकडे अर्ज करता येतो; तो मुदत उलटण्यापूर्वी केलेला बरा. आकडे आणि कलमे तुमच्या सीएकडून ताडून घ्या.

कायदा बाजूला ठेवून एक जुळणीवाल्याचे निरीक्षण सांगतो. ज्याला तुम्ही वेळेवर पैसे देता, त्याच्याकडे तुमचा बेड रांगेत पुढे असतो. तीन महिने थकवणाऱ्याचा बेड मोटारीच्या भागांच्या लॉटमागे जातो आणि रविवारच्या पाळीत, नवशिक्या पोराच्या हातून ग्राइंड होतो.

प्रश्न : हा प्रश्न पलीकडच्या बाजूचा आहे. भोसरीत आमचे थ्रेडिंगचे शॉप आहे. चार लेथ उत्पादकांना आम्ही इंचाला चार आट्यांचे लीड स्क्रू पुरवतो. त्यांच्यापैकी एकाने दहा स्क्रू परत पाठवले, कारण त्याच्या लेथवर मिलिमीटरचे आटे कापल्यावर ३०० मिलिमीटर लांबीत चूक येते. आमच्या मोजणीत स्क्रू ०.०४ मिलिमीटरच्या आत आहेत. कोण बरोबर? — एक वाचक, भोसरी

उत्तर : हे पत्र वाचून आनंद झाला, कारण जॉबवर्करची बाजू सहसा या सदरापर्यंत पोहोचत नाही. स्क्रू परत पाठवणाऱ्याला दोन गोष्टी विचारा आणि तिसरी स्वतःला.

पहिली: मिलिमीटरचे आटे कापताना चेंज गिअरमध्ये (स्पिंडल आणि लीड स्क्रू जोडणाऱ्या बदलत्या चाकांत) १२७ दातांचे चाक आहे का? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट १२७; इंची लीड स्क्रूवरून बरोबर मिलिमीटर काढायचे तर हे चाक लागतेच. पुष्कळ लहान लेथवाले जागा आणि खर्च वाचवण्यासाठी त्याऐवजी ६३ आणि ८० दातांची जोडी देतात. ती जोडी जवळपास बरोबर आहे, पूर्ण नाही. ८० भागिले ६३ केले तर १.२६९८ येते, हवे असते १.२७. ३०० मिलिमीटरला हा फरक ०.०३७ मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे स्क्रूला जेवढी सूट प्रमाणात दिली आहे, तेवढी जवळजवळ सगळी एकट्या या दोन चाकांनी खाल्ली. तुमचा स्क्रू अगदी निर्दोष असला तरी त्याच्या हिशेबात नापास होईल.

दुसरी: स्क्रू बसवताना गिअरबॉक्स, एप्रनमधील हाफ नट (स्क्रूला पकडणारे, दोन भागांत उघडणारे नट) आणि टोकाचे ब्रॅकेट एका रेषेत आहेत का? हाफ नट उघडा असताना आणि बंद केल्यावर स्क्रूच्या मध्यावर डायल लावून पाहायला सांगा. बंद करताना स्क्रू उचलला किंवा दाबला जात असेल तर तो वाकून चालतो आणि प्रत्येक फेऱ्याला चूक मागेपुढे होते. अशी चूक लांबीबरोबर वाढत जात नाही, ती दर फेऱ्याला पुन्हा पुन्हा येते. त्याने तुम्हांला पाठवलेल्या तक्त्यात ती कशी दिसते यावरूनच निम्मे उत्तर मिळेल.

तिसरी तुम्हांलाच. तुमचे स्क्रू तुम्ही केव्हा मोजता? नुकताच कापलेला स्क्रू हाताला कोमट लागत असताना मोजला आणि तो गेजपेक्षा दहा अंशांनी गरम असेल, तर ३०० मिलिमीटरमध्ये पोलाद सुमारे ०.०३५ मिलिमीटरने वाढलेले असते. गार झाल्यावर तो तेवढाच आखूड होतो. संध्याकाळी कापलेले स्क्रू उभे टांगून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गेज आणि स्क्रू एकाच टेबलावर रात्रभर राहिल्यानंतर मोजा.

परत आलेल्या दहांपैकी एक स्क्रू तुम्ही आणि तुमचा ग्राहक मिळून त्याच्याच लेथवर, पण १२७ चे चाक उसने आणून लावून तपासावा असे मी सुचवेन. चाक अर्ध्या दिवसासाठी कोठूनही मिळेल; भोसरीत तर नक्कीच. चूक तरीही तशीच आली तर स्क्रू तुमच्याकडे परत न्यावेत. चूक गेली तर दहाही स्क्रू त्याने ठेवावेत आणि त्याच दिवशीचे चलन सही करून द्यावे.